हसायच्या खान्यातली फिल्म

दिवसभर सिनेमे बघायचा पगार मिळतो म्हटल्यावर लोकांना वाटायचं, काय नशीब काढलंय पोरीनं! नशीब कसलं, डोळ्यांचं पार वाटोळं झालं होतं तिच्या. घरबसल्या फिल्मा दाखवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. आलेली प्रत्येक फिल्म बघायची आणि तिला खाना ठरवून द्यायचा: विनोदी, माहितीपट, नाहीतर नुसताच लघुपट. पण रोजचं काम इतकं, की सरळ वेगात बघत बसलं तर बिछाना कचेरीतच आणून टाकावा लागला असता. म्हणून सगळेच आवाज बंद करून दुप्पट वेगानं फिल्मा पळवायचे, त्याही फक्त सुरुवातीपुरत्याच. माणसं धडपडताना दिसली की विनोदी, कुणी खुर्चीत बसून बोलताना दिसलं की माहितीपट. साहेबाला हे ठाऊक होतं, तो काणाडोळा करायचा.

घरी ती आणि वहिनी, दोघीच. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, रंगाच्या कारखान्यात टाकी साफ करायला उतरला होता, तो जिवंत वर आलाच नाही. मालकानं सांगितलं, पिऊन उतरला होता, तोल गेला. वहिनी जीव तोडून सांगत राहिली, की हे कधी थेंबालाही शिवले नाहीत. चौकशीवाल्यांनी बहिणीला विचारलं, तेव्हा ही म्हणाली, मला नक्की माहीत नाही. झालं! तेवढ्यावर प्रकरण मिटलं आणि दादा दारुडा ठरला तो ठरलाच. वहिनीनं त्यावरून कधी भांडण काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं हिला फार वाटायचं.

त्या संध्याकाळी मात्र वहिनीनं आपणहून टीव्ही लावला. काहीतरी हसायचं बघू, म्हणाली, रडून रडून कंटाळा आलाय. हिला इतकं बरं वाटलं, की पर्स खांद्यालाच ठेवून ती शेजारी बसली. विनोदी खान्यात आजच आलेली एक छोटी फिल्म होती. चित्र बघताच हिला आठवलं, ही तर आपणच टाकलीय. तोंडाला फडकी बांधलेले कामगार झोकांड्या खात फाटकाबाहेर येतात, एकमेकांवर आदळतात, एकजण तर पालथ्या बादलीवर धपकन बसतो. एवढं बघून तिनं खाना ठरवला होता आणि पुढची फिल्म लावली होती. मजेशीर आहे, लावा, ती म्हणाली.

सरळ वेगात ती फिल्म भलतीच निघाली. माणसं भिंत चाचपत, पाय ओढत चालत होती. खोकला काही केल्या थांबत नव्हता. शूटिंग करणारा कुणी कामगार सांगत होता, की टाकीत वायू साठतो, मुखवटे मागून मागून थकलो, उतरलेला प्रत्येकजण असाच बाहेर येतो. बादलीवर बसलेल्यानं फडकं खाली ओढलं आणि वहिनी ताडकन उभी राहिली. दादा होता तो. धापा टाकत तो समोर बघून बोलला.

"प्यायलो नाहीये. उद्या मेलो तर हे दाखवा सगळ्यांना."

वहिनीनं फिल्म तिथेच थांबवली आणि मोकळेपणी रडली. उद्याच चौकशीवाल्यांकडे जायचं, म्हणाली, आता ह्यांना कोण दारुडा म्हणतो तेच बघते. ही पण रडत होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते, कितीतरी दिवसांनी.

मग वहिनीची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या 'विनोदी' या शब्दावर गेली. हे असलं हसायच्या खान्यात कुणा मेल्यानं टाकलं, तिनं विचारलं.

खोटं बोलायला काय जात होतं? कचेरीत माणसं काय कमी होती? पण हिची जीभच रेटेना. मीच, ती म्हणाली, घाईत पळवत बघितलं, दादाचं तोंड दिसायच्या आत बंद केलं.

"काय वाटलं तुम्हाला, ती माणसं बघून?"

ही मान खाली घालून बसली.

"प्यायलेली वाटली."

वहिनीनं आपला हात हळूच सोडवून घेतला.

"उद्या मी एकटीच जाईन, वन्सं," ती म्हणाली.