सुईत दोरा जाईपर्यंत

आमच्या घरी अंधार घड्याळावर नाही, आईच्या सुईवर पडतो. आई गॅलरीत बसून लोकांचे कपडे शिवते. दिवा न लावता सुईत दोरा ओवता येईना, की खाली मैदानाकडे हाक येते, "अंधार पडला, घरी ये." मग वाद नाही. मी गोलकीपर, तरी गोल उघडा टाकून पळायचं.

हल्ली या अंधाराला भलतीच घाई झाली होती. आणि शनिवारी पलीकडच्या गल्लीशी फायनल होती. मोठ्यांचा खेळ आटोपल्यावर मैदान मिळणार, म्हणजे उशीर ठरलेला. मी मध्येच गेले तर गोलमध्ये उभी राहणार आमची कॅप्टन ढब्बू, आणि बॉल अंगावर आला की ती डोळे मिटते. मग झालीच फायनल.

मी ताईचा फोन उघडला. आपल्याकडे सूर्य मावळतो साडेसहाला, आणि आईची हाक येते नेमकी तेव्हाच.

"सूर्य मावळला म्हणजे अंधार पडला असं नसतं गं," ताई म्हणाली. तिनं बोटानं खाली सरकवलं. उजेड संपायची वेळ वेगळी दिली होती, चांगली पंचवीस मिनिटं पुढे. पंचवीस मिनिटं म्हणजे अख्खा हाफ. मी पलंगावर उड्या मारायला लागले.

"फोनला काय कळतंय?" आई म्हणाली. "त्यानं कधी काजं केलीत?"

"मग लाव पैज," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी गॅलरीत बसलो. सूर्य समोरच्या इमारतीमागे गेला. आईनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली. दोरा बाजूनं गेला. परत बाजूनं गेला.

"पडला अंधार," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून सुई घेतली आणि पहिल्याच फटक्यात ओवली. जिंकले होते मी. नाचणारच होते, पण आई सुईकडे बघतच राहिली.

"आई, अंधार नाही पडलेला," ताई म्हणाली. "तुला चष्मा लागलाय."

"काहीतरीच. मी काय म्हातारी झाले?"

पण शनिवारी सकाळी भाजी आणायला म्हणून गेलेली आई चष्मा लावून परत आली. भाजी विसरली होती.

संध्याकाळी फायनल रंगली. सूर्य मावळला, हाक नाही. ढब्बूनं गोल केला, आम्ही एकानं पुढे. माझं अर्धं लक्ष गॅलरीकडे. फोनचा अंधारसुद्धा पडून गेला, तरी हाक नाही. शेवटचा फटका मला दिसलाच नाही, थेट पोटावर आदळला आणि मी तो दोन्ही हातांनी कवटाळला.

"बास," पलीकडची कॅप्टन म्हणाली. "बॉल दिसत नाहीये. जिंकलात तुम्ही."

आम्ही एकमेकींच्या अंगावर पडून किंचाळत होतो, तेवढ्यात वरून आईची हाक आली.

"थांबलात कशाला? खेळा की. अजून दोरा जातोय."