चौथ्या नंबरचा चहा

आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या रॉसब्रॅकला आल्यावर काय काय करावं याची यादी पर्यटन समितीनं छापायला घेतली, तेव्हा खरी अडचण दहा या आकड्याची होती. दहाच्या खाली यादी नसते म्हणे. आणि गाव एवढंसं: एक धक्का, एक चर्च, पाच पब आणि बंदराकडे तोंड करून उभी असलेली रंगीत घरांची एक ओळ. समितीचे अध्यक्ष जेरार्ड लूबी गावातला सगळ्यात मोठा पब चालवायचे आणि मागच्या अंगणातून मयतांची व्यवस्थाही बघायचे. म्हणजे गिऱ्हाईक कुठल्याही दारानं आलं तरी त्यांचंच. त्यांनी डोकं खाजवून यादी केली. एक, रंगीत घरं पाहा. दोन, रंगीत घरांपुढे फोटो काढा. तीन, होडीत बसून समुद्रातून रंगीत घरं पाहा. पाचव्या नंबरवर बंदरात पोहणारा सील हा प्राणी होता. तो मरून दोन वर्षं झाली होती, पण ‘दिसण्याची शक्यता’ असं लिहायला काय जातं? आणि चौथ्या नंबरवर होती नोनी क्रिमिन्स, वय अठ्ठ्याहत्तर.

‘जांभळ्या घरात नोनीच्या हातचा अस्सल चहा प्या. ती विचारेलच.’

ती विचारायची, हेच तर तिचं दुखणं. दाराशी आलेल्या माणसाला चहा विचारला नाही तर आईनं थडग्यातून उठून कान पिळला असता. पण रॉसब्रॅकमध्ये विचारणं म्हणजे देणं नव्हे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं नको म्हणायचं. पुन्हा विचारायचं, पुन्हा ‘नको गं, उगाच तुला त्रास’. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप दे’ म्हणून तीन कप प्यायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस गावानं पाहिलाच नव्हता. त्यामुळे चहा नसलेल्या दिवशीही चहा विचारता यायचा. एकदा विचारून गप्प बसलं की काम भागायचं.

मग एक दिवस अमेरिकेतल्या ओहायोची एक बाई नोनीच्या दाराचा फोटो काढत उभी राहिली. नोनी सवयीनं म्हणाली, “येता का आत, चहा घ्यायला?” आणि ती बाई म्हणाली, “हो! किती छान!” नोनी तिच्याकडे बघतच राहिली. बाई दोन तास बसली, अर्धा केक संपवला आणि घरी जाऊन सगळं इंटरनेटवर लिहिलं. लूबींनी ते वाचलं आणि त्यांना चौथा नंबर सापडला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. जूनपासून रोज दहा-बारा माणसं नोनीच्या स्वयंपाकघरात बसायची, तिच्या किटलीच्या लोकरी टोपीचे फोटो काढायची आणि जाताना म्हणायची की तिचं आयुष्य किती शांत आहे.

खरं सांगायचं तर नोनीला माणसांचा कंटाळा नव्हता. तिला एकच माणूस हवा होता, आणि तोच येत नव्हता.

तो तिचा थोरला भाऊ, थेडी. नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, डिनीनं, बोटीचा उरलेला रंग फुकट मिळाला म्हणून घर जांभळं करून टाकलं आणि पंधरा दिवसांत मेला. अंत्ययात्रेच्या दिवशी थेडी दारात उभा राहून म्हणाला, “असल्या दारातून शवपेटी निघाली तर लोकांना वाटेल सर्कस आलीय.” नोनीचा जीव आधीच तुटत होता. ती म्हणाली, “रंग माझ्या नवऱ्यानं दिलाय. तुझ्या डोळ्यांत खुपत असेल तर या दारानं येऊ नकोस.” थेडी म्हणाला, “नाही येत.” आणि खरोखर नाही आला. गंमत बघा, ते जांभळं घर बघूनच लूबींनी पुढे सगळी ओळ रंगवून घेतली, आणि आता यादीत ‘दोनशे वर्षांची रंगांची परंपरा’ असं छापलेलं आहे. गावाला परंपरा मिळाली, नोनीचा भाऊ गेला.

थेडी खाडीपलीकडे डुनीनला राहायचा. दर रविवारी बसनं यायचा, चर्चमध्ये तिच्या मागे चार ओळी सोडून बसायचा आणि परत जाताना तिच्या दारावरून मान सरळ ठेवून जायचा. नोनीनं कितीदा ठरवलं होतं की आपणच डुनीनला जावं. पण उंबरा ज्यानं सोडला त्यानंच ओलांडायचा, असं तिला वाटे, आणि ज्यानं यायला बंदी केली त्यानंच बोलवायचं, असं थेडीला. दोघंही एकाच आईची लेकरं. आणि आता दुकानात कुणीतरी तिला सांगितलं होतं की येत्या बुधवारी थेडीला कॉर्क शहरातल्या इस्पितळात नेणार, हृदयाचं ऑपरेशन आहे. ब्याऐंशी वर्षांचं हृदय. त्या आधी एक रविवार शिल्लक होता. नोनीला दोन रात्री झोप लागली नाही.

त्यात यादीचा जाच चालूच. कुणा एका गृहस्थानं चहा नको म्हटलं, तेव्हा नोनीनं रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं. त्यानं इंटरनेटवर तक्रार ठोकली: ‘बाई फार गळेपडू आहे. दोनच तारे.’ लूबी धावत आले. “क्रिमिन्सबाई, बाहेरच्यांना एकदाच विचारत जा. त्यांचं नाही म्हणजे नाहीच असतं.” नोनीनं तेही शिकून घेतलं. चहा घेणार? नको? बरं. पुढचा. दोन महिन्यांत तिच्या जिभेला ते इतकं वळण पडलं की पोस्टमन नको म्हणाला तेव्हाही तिनं ‘बरं’ म्हणून दार लावलं. पोस्टमन दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बाहेर थोडा वेळ तसाच उभा होता.

शनिवारी ती पबात गेली आणि काउंटरवर हात टेकून म्हणाली, “माझं नाव यादीतून काढा.”

“अहो, तुम्ही गावाची शान आहात!”

“नको मला शान.”

लूबी हसले. पहिलं ‘नको’ मनावर घेणारा माणूस रॉसब्रॅकमध्ये पब चालवू शकत नाही. “विचार करा जरा. सीलनंतर तुम्हीच आहात आमच्याकडे.”

“नको म्हणते ना मी!”

“दोन झाले,” लूबी शेजारच्या गिऱ्हाइकाला डोळा मारत म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी गेलं होतं, आणि लूबी चेहरा पाडून मागच्या अंगणात निघून गेले. मयताच्या घरच्यांशी बोलणाऱ्या माणसावर ओरडायचं तरी कसं? नोनी तिसरं ‘नको’ तोंडातच घेऊन घरी आली.

तो प्रसंग लूबींना इतका आवडला की त्यांनी त्याच संध्याकाळी यादीच्या नव्या प्रतींत एक ओळ घातली: ‘टीप: इथली माणसं दोनदा नाही म्हणतात. ती आमची गोड रीत आहे. मनावर घेऊ नका.’

रविवारी प्रार्थना संपली आणि नोनी घाईनं घरी आली. थेडी दारावरून जाईल तेव्हा आपण पायरीवर उभं राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. हाक मारायची की नाही ते ठरलं नव्हतं, पण उभं राहायचं. बघते तर पायरीवर सात माणसं. “आज चहा नाही हो,” ती म्हणाली. सातही जणांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहून गोड हसले आणि आत जाऊन बसले.

साडेअकराला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. घरच्या सहाही खुर्च्या भरल्या होत्या, सातवा डिनीच्या अवजारांच्या पेटीवर बसला होता. कुणाला दूध हवं, कुणाला गाईचं नको, कुणाला लोणी कुठल्या खेड्यातलं ते कळायला हवं. दोन किटल्या चुलीवर शिट्या मारत होत्या. त्यात दार वाजलं. नोनीनं हातात दुधाचं भांडं घेऊनच उघडलं.

दारात थेडी होता. रविवारचा काळा कोट, टोपी हातात, आणि डोळे खाली पायरीवर.

“नोनी,” तो म्हणाला.

नऊ वर्षांत मनातल्या मनात या दारात तिनं त्याला काय काय ऐकवलं होतं! त्यातलं एक अक्षर आठवेना. मागून शिटी, मागून हाका, आणि जीभ आपली रोजच्या वाटेनं गेली.

“चहा घेणार?”

“नको, नको. तुझ्याकडे माणसं आहेत.”

“बरं,” नोनी म्हणाली, आणि उतू जाणारं पाणी बघायला आत पळाली.

किटली उतरवता उतरवता तिचा हात थांबला. ती उलट्या पावली दाराशी आली. दार सताड उघडं होतं आणि पायरी रिकामी होती. ज्या माणसाला तीनदाच काय, तीनशे वेळा विचारलं असतं, त्याला तिनं बाहेरच्या माणसासारखं एकदा विचारून वाटेला लावलं होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“निघा सगळे!” ती वळून म्हणाली. “झालं आजचं! उठा!”

पेटीवरच्या तरुणानं आनंदानं एक बोट वर केलं. “पहिला नकार!”

“अरे चालते व्हा म्हणते ना!”

“दुसरा!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका बाईनं आपला कप पुढे केला.

तिसऱ्यासाठी नोनी थांबली नाही. एप्रन खुंटीवर फेकून ती घरातल्या सपातांतच रस्त्यावर आली आणि धक्क्याच्या टोकाला उभ्या असलेल्या बसकडे धावत सुटली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धावणं काय ते तिच्या गुडघ्यांनाच ठाऊक. रस्त्यात दोघांनी तिचा फोटो काढला.

थेडी दाराजवळच्या पहिल्याच सीटवर बसला होता. नोनी बसच्या पायरीचा दांडा धरून उभी राहिली.

“थेडी, चल. चहा घे.”

“नको.” तो समोरच्या काचेकडे बघत होता. “तू बरं म्हणालीस.”

“ते तुला नव्हतं रे. बाहेरच्यांशी बोलून बोलून जिभेला सवय लागलीय.”

“जीभ तुझीच ना पण?”

“माझीच. आणि नऊ वर्षांपूर्वी बोलली ती पण माझीच.”

बसचा ड्रायव्हर फिनबार डुनीनचाच. त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागून एका परदेशी बाईनं विचारलं, बस बिघडली का?

“बस ठीक आहे,” फिनबार मागे न बघता म्हणाला. “अजून एकदा विचारायचं राहिलंय.”

नोनीनं तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, आणि तिला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तो हो म्हणाला तर बसवायचा कुठे? डिनीची पेटीसुद्धा भरलेली.

“तुला बसायला घरात खुर्ची नाही रे, थेडी,” ती म्हणाली आणि तिथेच, बसच्या पायरीवर, रडायला लागली. “अख्ख्या जगाला आहे. तुलाच नाही.”

थेडीनं टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. बहिणीला रडताना बघायची त्याला सवय नव्हती. डिनीच्या अंत्ययात्रेच्या दिवशीही ती रडली नव्हती, भांडली होती.

“रंग एवढा काही वाईट नाही,” तो म्हणाला. “जरा उतरलाय आता.”

“उतरलाय.”

“बुधवारचं कळलं असेल तुला.”

“कळलं.”

“भीती वाटते गं,” थेडी म्हणाला. हे तो काचेलाच सांगत होता. मग त्यानं घसा साफ केला. “माझ्याकडे चल हवं तर. चहा घे. पाव कालचा आहे, पण चहा आहे.”

एवढं बोलून तो मागे टेकला. पुढची दोन विचारणं त्यानं तयार ठेवली होती. दुसऱ्यांदा ‘अगं, ये ना’ म्हणायचं होतं, तिसऱ्यांदा आईचं नाव घ्यायचं होतं. फिनबारनंही खिशातून सिगारेट काढली. एवढ्यात हे संपत नाही, हे त्याला माहीत होतं.

“येते,” नोनी म्हणाली.

फिनबार सिगारेट हातात धरून वळला आणि तिच्याकडे बघत राहिला. तो जन्मला तेव्हापासून त्यानं असलं काही ऐकलं नव्हतं. थेडीचं तोंड ‘अगं’ म्हणायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्या दोन विचारण्यांचं आता काय करायचं हे त्याला कळेना. शेवटी तो खिडकीकडे सरकला आणि शेजारची जागा त्यानं कोटाच्या बाहीनं पुसली.

“मग उभी काय राहिलीस?” तो म्हणाला. “बस.”