वारोच्या बिळात मागे राहिलेली

मित्रांनो, मी अबायांग बेटाच्या उथळ समुद्रातली एक म्हातारी वारो आहे. कोळंबी माझी दूरची चुलतबहीण. पण तिच्यासारखी मी पाण्यात भटकत नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत माझं बीळ आहे, दोन दारांचं. अंगातून सुटणाऱ्या चिकट लाळेने आम्ही त्याच्या भिंती लिंपतो, म्हणून वाळू ढासळत नाही. आम्ही म्हणजे मी आणि माझा घरधनी. आमच्या जातीत तरुणपणी एकदा जोडी जमली की दोघं जन्मभर एकाच बिळात नांदतात. म्हातारपणी तेवढी लाळ सुटत नाही, तेव्हा नवं घर कुठलं?

घरधनी दाराशी दबा धरून बसायचा. वर वाळूचं झाकण, त्यातून देठावरचे डोळे तेवढे बाहेर. मासा वरून गेला की त्याचे काटेरी हात लपकन जायचे आणि पाणी गढूळ व्हायच्या आत मासा घरात यायचा. माझे हात आखूड, काटे बोथट. तो मारून आणायचा, मी खायची.

एका ओहोटीला मी अंड्यांवर होते. आम्ही अंडी वाळूत टाकून जात नाही. तोंडापाशी हातांत धरून ठेवतो, उलटतो, धुतो. घरधनी घास आणून पुढे ठेवी. तेवढ्यात वर पावलं वाजली आणि गाणं ऐकू आलं.

*दारी आला मासा, राजा, बाहेर ये,*
*कारभारीण भुकेली, तिला घास ने.*

गाणारी रकेरा. नवरा वारल्यापासून भावाकडे राहणारी, वारो धरण्यात तिचा हात कुणी धरत नसे. तिच्या काठीला मासा बांधलेला होता आणि माशाखाली गळ. घरधन्याने मासा धरला. गळ रुतला, आणि घरधन्याची शेपटी माझ्या अंगावरून सरकत वर गेली.

"केवढा आहे बघ," रकेरा म्हणाली.

"वन्सं, आत बायको असणार. तिलाही काढा," तिची भावजय बोतिका म्हणाली. "दोघं एका भांड्यात शिजली तर नीरफणसाबरोबर सगळ्यांना पुरतील."

"नाही गं. मादी ठेवायची. आमच्या आईने घालून दिलंय. मादी राहिली तर पिल्लं होतात."

"आणि ती खाणार काय?"

"समुद्रात काय कमी आहे?"

"तुम्ही नाही बसलात ते समुद्राच्या भरवशावर. यजमान गेले नि पंधरवड्यात आमच्या चुलीपाशी आलात."

दुसऱ्या कुणी तिथे गळ टाकू नये म्हणून रकेराने दाराशेजारी पोवळ्याचा पांढरा तुकडा खोचला. गावात तिचं कौतुक झालं. रकेरा मादीला हात लावत नाही, म्हणे.

कौतुकाने माझं पोट भरेना. हातांत अंडी असताना शिकार होत नाही. शेवटी ती खाली ठेवून मी दाराशी गेले. मासा हुकला. दुसराही हुकला. परतले तोवर अंड्यांवर गाळ बसला होता. किती धुतली, किती उलटली, तरी ती पांढरी पडत गेली. ज्यांच्यासाठी मला ठेवलं होतं, ती अशी गेली.

मग एका दुपारी रकेरा एकटीच आली. आज तिने गाणं म्हटलं नाही.

"खा, बाई," ती वाकून म्हणाली. "बोतिका टोचून बोलते, पण खोटं बोलत नाही."

तिने माशाचा तुकडा दारात सोडला. त्याच हाताचा, त्याच वासाचा. मी भुकेने गळून गेले होते, तरी सरकत सरकत तळाशी गेले. ती थोडी पलीकडे शिंपले वेचू लागली. एक खेकडा तिरपा तिरपा आला, तुकडा उचलून खुशाल निघून गेला. त्याला काही टोचलं नाही. त्या घासात गळ नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

रकेरा परत आली, तिने रिकामं दार पाहिलं.

"जेवली गं माझी बाई," ती स्वतःशीच म्हणाली आणि हलक्या पावलांनी घराकडे गेली.

मित्रांनो, वारो धरूच नका असं मी म्हणणार नाही. बेटावरच्या माणसांनाही पोट आहे. पण बिळातून एकाला नेणार असाल, तर दुसऱ्याला दया म्हणून मागे सोडू नका. दोघांना न्या, नाहीतर दोघांना राहू द्या.