फुटलेल्या नळीची साक्ष

मी बोलतेय, इथून, भिंतीवरून. जरा मान वर करा. दोन नळ्या, त्यातली उजवी फाटून वाकडी झालेली, ती मी. घाबरू नका, आता माझ्या हातून माशीही मरायची नाही.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका छोट्या कारखान्यातला. बारा बोअरची दुनळी. उजव्या नळीचं तोंड मोकळं ठेवलेलं, म्हणजे छर्रे लवकर पसरावेत आणि जवळचं पाखरू मिळावं. डावीचं तोंड आवळलेलं. त्या आवळण्याला चोक म्हणतात. त्यानं छर्रे एकगठ्ठा लांबवर जातात. माणसांतही असे दोन प्रकार असतात म्हणे, मोकळे आणि आवळलेले. मला मिळालेल्या धन्यात दोन्ही होते.

त्याचं नाव होरेस थर्लबी. इंग्लंडातल्या वॉशच्या खाडीकाठी भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दारांवर देखरेख करायचा. त्याच्या हाती मी अठ्ठावीस हिवाळे काढले. दलदलीतून परतला की आधी मला पुसून तेल लावायचा, मग स्वतःचे ओले मोजे काढायचा. त्याची बायको होती तोवर ती करवादायची, "आधी त्या सवतीला वाढ जेवायला, मग माझ्याकडे बघ!" खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटायचं.

बदकांवर शिशाचे छर्रे झाडायला बंदी आली आणि पोलादी छर्रे आले, जे शिशासारखे दबत नाहीत, तेव्हा सिरिल डॉबनीनं माझ्या डाव्या नळीचा चोक थोडा मोकळा करून दिला. सिरिल बंदुका दुरुस्त करायचा आणि खाडीकाठच्या शिकारी मंडळाचा अध्यक्षही होता. होरेस मंडळाचा सुरक्षाप्रमुख. नव्या माणसाकडून तो दोन गोष्टी पाठ करून घ्यायचा. एक, बारा आणि वीस बोअरची काडतुसं एका खिशात ठेवायची नाहीत. वीसचं काडतूस अंगानं बारीक. ते बाराच्या नळीत टाकलं तर घसरत पुढं जातं, अडकून बसतं आणि मागून दिसतही नाही. म्हणून तर ते पिवळंधमक रंगवतात. दुसरी गोष्ट, चाप ओढून बार झाला नाही, तर नळीतून आरपार बघायचं. पलीकडचा उजेड दिसला तरच पुढचं काडतूस. हे सांगताना असा काही आव आणायचा की जणू बंदूक यानंच शोधून काढली.

हेदर त्याची एकुलती एक मुलगी. सव्वीस वर्षांची, गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, हातात वीस बोअरची हलकी बंदूक. मंडळात वर्षभर उमेदवारी केली की दलदलीत एकट्यानं जायचा पास मिळतो. तिचं वर्ष फेब्रुवारीत भरणार होतं. पोरगी दिवस मोजत होती. कॅलेंडरवर खुणा करायची.

जानेवारीतल्या एका रविवारी मातीच्या चकत्यांवर नेमबाजी होती. यंत्र चकत्या हवेत फेकायचं आणि हेदर त्यांचा भुगा करायची. पंचवीसपैकी तेवीस!

"दोन का सोडल्यास गं?" होरेसनं विचारलं.

"तुमच्यासाठी ठेवल्या, बाबा. सगळ्या मीच फोडल्या तर तुम्ही रुसून बसाल."

ती हसत चहा आणायला गेली. तिची तीन पिवळी काडतुसं बाकावर राहिली होती. होरेसनं ती उचलली आणि सरळ आपल्या कोटाच्या खिशात टाकली. मी त्याच्या काखेतच होते. सगळं पाहिलं.

दोन दिवसांनी उजाडायच्या सुमारास दोघं दलदलीत गेले. थंडी अशी की होरेसची बोटं लाकडं झालेली. त्यानं खिशात हात घातला आणि न बघता माझ्या उजव्या नळीत काडतूस टाकलं. ते घसरून आत खोल गेलं. माझा जीव कासावीस झाला, पण मला ओरडता कुठं येतं? बदकांचा थवा आला, त्यानं चाप ओढला, नुसतं टिक्. त्यानं मला उघडलं. काडतूस दिसेना.

"भरायलाच विसरलो की काय!" तो पुटपुटला.

अहो, नळीतून बघा ना! तीस माणसांना हेच घोकायला लावलंत ना? पण थवा पुन्हा डोक्यावर आला होता. त्यानं घाईघाईत बाराचं लाल काडतूस भरलं आणि चाप ओढला.

मी फुटले. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

हेदरनं गळ्यातल्या मफलरनं हात करकचून आवळला, त्याला एका खांद्याचा आधार दिला, मला दुसऱ्या खांद्यावर टाकलं आणि गुडघाभर चिखलातून निघाली. मागून भरती चढत होती.

"हेदर, माझंच चुकलं गं. रविवारची तुझी तीन मीच खिशात टाकली. नळीतही बघितलं नाही. तुझा बाप गाढव आहे."

"आहातच. आता बोलू नका, पाय उचला."

फेब्रुवारीत मंडळाची बैठक झाली. लोकांत आधीपासून कुजबुज होती, की सिरिलनं चोक मोकळा करताना नळी पातळ केली, म्हणून मी कच्ची निघाले. सिरिलनं मला टेबलावर आडवं ठेवलं.

"डोळे उघडे ठेवून बघा रे. चोक असतो तोंडाशी, आणि तोही मी डावीचा कमी केला. ही फुटलीय उजवी, मागून वीतभर अंतरावर." मग त्यानं चिमट्यानं माझ्या जखमेतून काडतुसाच्या बुडाची पितळी कडी आणि पिवळं चिटोरं ओढून काढलं. "वीस बोअर. होरेस, हे तुझ्याकडं कसं आलं?"

सुटले बाई, मी मनात म्हटलं. माझ्यावरचा ठपका गेला. आता हा खरं सांगेल.

होरेस बँडेजकडं बघत राहिला. "आमच्या घरात वीस बोअर वापरणारं एकच माणूस आहे," तो म्हणाला. "माझा कोट ती कधीमधी घालते."

माझं लोखंड गार पडलं.

"हेदर, तुला काही सांगायचंय?" सिरिलनं विचारलं.

ती बापाकडं बघत राहिली. त्यानं मान वर केली नाही.

"माझीच राहिली असतील," ती म्हणाली.

का बोललीस गं असं? बाहेर पडताना दारात तिनं त्याला सांगितलं, तेव्हा मला कळलं. "तुम्ही खरं सांगाल म्हणून मी थांबले होते, बाबा. चारचौघांत तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं मला."

"जाऊ दे गं. तुला आयुष्य पडलंय. मला या वयात मंडळाशिवाय आहे काय? ते गेलं तर मी कुठं तोंड दाखवू?"

तिला पास मिळाला नाही. उन्हाळ्याच्या आत तिनं आपली बंदूक विकली आणि ती दूर स्कॉटलंडला निघून गेली. मला मात्र मंडळानं इथं भिंतीवर खिळ्यांनी ठोकलं, खाली पाटी लावली: 'मुलीनं वडिलांच्या कोटात विसरलेल्या काडतुसाचा परिणाम.' म्हणजे मला निर्दोष ठरवलं ते तिच्या जिवावर. असलं निर्दोषपण काय चाटायचंय?

दर मोसमात होरेस नव्या माणसांना माझ्यासमोर उभं करतो. पहिल्या वर्षी सांगताना अडखळायचा, घोटभर पाणी प्यायचा. आता अडखळत नाही. तीन बोटांचा हात वर करतो, लोक हळहळतात, तो मान डोलावतो. मला वाटतं, त्याला आता सगळं तसंच आठवतं.

गेल्या शनिवारी एका नव्या बाईनं विचारलं, "आणि मुलगी? ती येते का अजून शिकारीला?"

"ती?" होरेस हसला. "छे हो! तिला याची गोडी कधी नव्हतीच."

फुटले तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

म्हणून एक विनंती आहे. तुम्ही पायांची माणसं, फिरता, चार गावं बघता. कुठं हेदर थर्लबी भेटली, तर तिला सांगा, भिंतीवरच्या बंदुकीनं सगळं पाहिलंय आणि तिला सगळं आठवतंय. सांगा, ती साक्ष द्यायला केव्हापासून तयार आहे. फक्त अजून तिला कुणी विचारलेलं नाही.