पाचशे पानांसाठी मी गेलो नाही

काचेवर एक तिरका तडा. भर दुपारी जळणारा दिवा. चिंध्यांच्या चौतीस पिशव्या. अंधारा जिना. पाचशे पानं, आणि झाड एकही नाही.

मित्रांनो, हा सगळा पसारा माझाच. मी जुना मोबाइल फोन आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. कचरा म्हणाल तर मात्र भांडेन.

मी शिवणकाम करणाऱ्या मावशीचा. तिच्या मुलीने माझ्यात एक खेळ भरला. चांगली सवय दाखवा, हिरवं पान मिळवा. कापडी पिशवीचा फोटो काढला की एक पान, दिवा बंद केला की एक पान. ज्या इमारतीची पानं जास्त, तिच्या जिन्याला सौरदिवे.

मावशीने उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून घरोघर वाटल्या. तिचे सासरे, निवृत्त बसचालक, तर पेटूनच उठले. भर दुपारी दिवा लावायचे, बंद करायचे, माझ्यावर बोट दाबायचे. पुन्हा लावायचे. एका दुपारी त्यांनी अकरा पानं कमावली. मावशीने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्या दिवसांत माझं कौतुक काय विचारता! शेजारीपाजारी मला बघायला यायचे.

शेवटच्या दिवशी आमची इमारत चारशे पानांनी मागे होती. तेवढ्यात खेळाने नवा डाव टाकला: जुना पण चालता फोन पेटीत टाका, पाचशे पानं मिळवा.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी पेटी घेऊन दारात हजर.

"मावशी, सगळ्यांच्या जिन्याचा प्रश्न आहे. मुलगी नवा घेऊन देईलच की," म्हणत त्यांनी मला शिवणयंत्राजवळून उचललं आणि पेटीत ठेवलंसुद्धा.

मावशीचं यंत्र थांबलं. दिवे तिलाही हवे होते; सासरे त्या जिन्यात दोनदा घसरले होते. माझ्या आजूबाजूला मेलेले फोन पडले होते. आणि मी वाजलो. गणवेश तयार झाला का, म्हणून कुणा आईने फोन केला होता, हे खरं. पण इतक्या मोठ्याने वाजणं माझं होतं.

मावशी उठली. पेटीत हात घालून तिने मला बाहेर काढलं, त्या आईला संध्याकाळी यायला सांगितलं आणि मग सेक्रेटरींकडे वळली.

"जे चालतंय ते फेकल्याची पानं मला नकोत."

"अहो, पण जुना झालाय तो."

"जुना तर मीही झालोय, सेक्रेटरी," सासरे कोपऱ्यातून म्हणाले. "माझी किती पानं देताय?"

आम्ही हरलो. दिवे समोरच्या इमारतीला लागले. काही घरं महिनाभर मावशीशी बोलली नाहीत. पुढे तो खेळही माझ्यात चालेनासा झाला. सासरे आता माझ्या टॉर्चच्या उजेडात जिना उतरतात, आणि दुपारी दिवा लावत नाहीत.

मित्रांनो, असे खेळ जरूर खेळा. पिशवी न्या, नळ बंद करा, पानं जमवा. पण जो खेळ चालती वस्तू फेकायला सांगेल, त्याला तोंडावर नाही म्हणा. मी बिनतोंडाचा असून म्हटलं, तुम्हाला तर तोंड आहे.

पेटी येण्याच्या वर्षभर आधी मावशीने शिवणयंत्राच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने माझी बॅटरी स्वतः बदलली होती; म्हणून तर मी त्या दिवशी वाजलो.