अख्खी पुडी

ग्युमिनला रडू येत नव्हतं आणि गणितही येत नव्हतं. दोन्हींबद्दल त्याला सारखंच वाटायचं, म्हणजे काहीच वाटायचं नाही.

लष्करातली सक्तीची नोकरी संपायला महिना उरला होता, तेव्हा त्याची आई गेली. घरी कुनसानला जाऊन तीन दिवस काळा सूट घालून तो आल्यागेल्याला वाकून नमस्कार करत राहिला, रिकाम्या वाट्या उचलत राहिला आणि मुकाट छावणीत परतला. आत्या चारचौघांत म्हणाली, "पोरगं आहे की धोंडा?" धोंडा तर धोंडा. त्याला त्याचंही काही वाटलं नाही.

मार्चमध्ये तो चोन्जूच्या कॉलेजात परत आला. दीड वर्ष फावडं आणि बंदूक धरलेल्या माणसाच्या डोक्यात कसलं गणित उरतंय? त्यातून लष्करात जाण्याआधी उनाडक्या करून पठ्ठ्यानं दोन सत्रांत कमी गुणांच्या दोन ताकिदी पदरात पाडून घेतलेल्या. तिसरी ताकीद म्हणजे नाव कमी, गाशा गुंडाळायचा. बाकीचे विषय कसेबसे निभत होते, पण कॅल्क्युलसमध्ये गचकला की सरासरी खाली आणि हा बाहेर. सगळं त्या एका पेपरावर येऊन ठेपलं होतं. पेपर होता सोळा जूनला, नेमका त्याच्या वाढदिवशी.

खोलीतला जोडीदार हानसॉल त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आणि जिभेनं दहा वर्षांनी मोठा. तो त्याला रोज शिकवायला बसे.

"दादा, पदं शून्याकडे चालली म्हणजे बेरीज थांबते, हे तुला कुणी सांगितलं?"

"लहान लहान होत जातायत ना. थांबेल कधीतरी."

"नाही थांबत. एक, अर्धा, एक तृतीयांश, पाव... मिळवत बस. म्हणशील तेवढी मोठी होते. लष्करात काय नुसते बटाटे सोललेस?"

"हो, बटाटेच सोलले," ग्युमिन म्हणाला.

दोन चलांच्या लिमिटपाशी तर घोडं रोज अडायचं. वर x वर्ग गुणिले y, खाली x चा चौथा घात अधिक y वर्ग. शून्य बिंदूकडे कुठल्याही सरळ रेषेनं जा, उत्तर शून्य. ग्युमिन चार रेषांनी जाऊन यायचा आणि शून्य लिहून मोकळा व्हायचा.

"अरे, सरळ वाटा झाल्या सगळ्या. वाकडी कुणी बघायची? y च्या जागी x वर्ग घाल."

ग्युमिननं घातला. एक छेद दोन आलं.

"आता? एका वाटेनं शून्य, दुसरीनं अर्धा. म्हणजे लिमिटच नाही. कळलं?"

"कळलं," ग्युमिन म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य लिहिलं.

सोळा तारखेला सकाळी सात वाजता वसतिगृहाच्या दारात बाबा उभे. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हा माणूस, जन्मात कधी चुलीपाशी गेला नव्हता. हातात मोठा थर्मास.

"वाढदिवस ना तुझा. आजच्या दिवशी खायचं समुद्री शेवाळाचं सार आणलंय," ते म्हणाले. "खा गरम गरम."

मागून आलेल्या हानसॉलनं कपाळाला हात लावला. "काका, आज पेपर आहे हो. परीक्षेच्या दिवशी हे बुळबुळीत कुणी खातं का? पेपरात घसरेल ना तो."

बाबांचा चेहरा पडला. "हे मला कुठलं माहीत? सगळं ह्याची आईच बघायची." ते झाकण परत लावू लागले.

आई दर वर्षी वाढदिवसाचं सार पेपर संपेपर्यंत पुढे ढकलायची. ग्युमिनला ते आठवलं. बाकावर बसून त्यानं वाटी पुढे केली. सार नुसतं खारट, लसूण कच्चा. तो खात राहिला.

"फार झालं हो," बाबा सांगू लागले. "कपाटात वाळक्या शेवाळाची पुडी होती. भिजवली तर पातेल्यात मावेना. मग बादली काढली, मग न्हाणीतलं घमेलं. फुगतंच आपलं. रात्रभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत होतो."

"अहो काका, मूठभर भिजवायचं असतं," हानसॉल हसत सुटला. "वीस माणसांची असते पुडी."

"ते छापलं होतं त्याच्यावर. पण पेननं तिनं लिहून ठेवलं होतं, 'ग्युमिनसाठी'. हा लष्करातून आल्यावर करायला आणली असेल. मग थोडीच कशी भिजवायची?"

ग्युमिननं वाटी रिकामी केली, "निघतो," म्हणाला आणि निघाला.

पाचवा प्रश्न तोच होता. ग्युमिन एका रेषेनं गेला, शून्य. दुसरीनं गेला, शून्य. मग त्यानं y च्या जागी x वर्ग लिहिला, आणि काय झालं कोण जाणे, डोळ्यांसमोर न्हाणीतलं घमेलं आलं. बाबा उकिडवे बसलेत, शेवाळ फुगतंय आणि बाजूला आईचं अक्षर असलेलं रिकामं पाकीट पडलंय. कागदावर टपकन पाणी पडलं. त्याला वाटलं घामच. मग दुसरा थेंब पडला, आणि पुढचं त्याला आवरेना.

पर्यवेक्षक बाई जवळ आल्या. "बरं नाही का वाटत?"

"माझी आई गेली."

"अगं बाई. कधी?"

"जानेवारीत," तो म्हणाला. जूनमध्ये पहिल्यांदा त्यानं ते कुणाला सांगितलं होतं.

बाई रुमाल ठेवून गेल्या. वीस मिनिटं उरली होती. ग्युमिन नाक पुसत लिहीत राहिला. शेवटचा प्रश्न राहूनच गेला.

आठवड्यानं निकाल लागला. काठावर, पण पास. नाव राहिलं. त्यानं घरी फोन लावला.

"घसरलास का रे?" बाबांनी घाबरत विचारलं.

"नाही. पुढच्या वर्षीही करा. मूठभरच भिजवा."

"बरं."

"बाबा, ते पाकीट टाकू नका."

"टाकलं नाही," बाबा म्हणाले. "धुऊन वाळवून ठेवलंय."