गाडी मागे कशी जोडायची

मोटारहोमच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, मागे आमची लहान गाडी दांड्याने जोडायची आणि चारही चाकांवर ओढत न्यायची, ही माझ्या नवऱ्याची, ऑरिनची, जुनी पद्धत. त्यासाठी निघण्याआधी गाडी न्यूट्रलला टाकावी लागते. यंदा थंडीसाठी युमा गावी येताना तो तेच विसरला आणि गिअरबॉक्स जळाला. अलीकडे तो पुष्कळ विसरतो.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा शेजारच्या मोटारहोममधला लायल म्हणाला, "ऑरिनदादा, आता ट्रेलर घे. गाडी वर चढवली की गिअरची कटकटच नाही."

"ट्रेलर म्हाताऱ्यांना लागतो!"

"मग तू कोण, नवरदेव?"

ऑरिन हसला नाही. मी घाईने म्हटलं, "अरे, माझेच गुडघे दुखतात. दांडा जोडायला मला आता वाकवत नाही. ट्रेलरच घेऊ या."

ऑरिन माझ्याकडे बघत राहिला. "इडेला, काल तू माझ्याबरोबर तासभर नाचलीस," तो हळूच म्हणाला.

मग त्यानेच लायलला ट्रेलर कुठे मिळेल ते विचारलं. लायल गेल्यावर त्याने खिशातून मोटारहोमची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"मोटारहोम आता तूच चालव."

मी नको म्हणाले नाही.